परसबाग : वाचकांचे प्रश्न – गादीवाफ्याची उंची, माती आणि पाणी

पावसाळ्याच्या तोंडावर घराभोवतीच्या गादीवाफ्यांबद्दल, म्हणजे जमिनीपेक्षा उंच भरलेल्या वाफ्यांबद्दल, वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत उंचीचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आहे, म्हणून आमचे मत आधीच सांगतो. मराठवाड्यात चार महिने काळ्या मातीत पाणी तुंबते आणि उरलेले आठ महिने पाणी पुरत नाही. वाफा जितका उंच, तितका तो पावसाळ्यात लवकर निथळतो आणि उन्हाळ्यात तितकाच लवकर वाळतो. त्यामुळे उंची पाण्याच्या हिशेबाने ठरवायची असते. खालची बहुतेक उत्तरे फिरून याच हिशेबावर येतात.

प्रश्न : घरामागे 30 बाय 20 फूट मोकळी जागा आहे. जमीन भारी, काळी. पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाय ठेवता येत नाही. मिस्त्री म्हणतात दोन फूट उंच पक्के वाफे बांधा. तसे करावे का? साहित्य किती लागेल?
– एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : दोन फूट नको. जमिनीपासून 10 ते 12 इंच पुरे. सोयाबीन रुंद वरंब्यावर घेणारे शेतकरी याच तत्त्वावर पीक वाचवतात : मुळांना दम घुटू नये इतकी उंची आणि बाजूला पाणी वाहून न्यायला सरी. वाफ्याचा तळ उघडा ठेवला तर मुळे खाली मूळ जमिनीतही जातात, म्हणजे 12 इंचांच्या वाफ्यात वांग्याला प्रत्यक्षात दीड-पावणेदोन फूट माती मिळते. वाकता येत नसेल, गुडघ्याचा त्रास असेल, तरच दोन फुटांचा एखादा वाफा बांधा आणि त्याला उन्हाळ्यात रोज पाणी द्यायची तयारी ठेवा.

रुंदी 4 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. भिंतीलगतच्या वाफ्याची रुंदी सव्वादोन फुटांपेक्षा जास्त नको. तोही घराच्या भिंतीला चिकटवू नका, किमान दोन फूट अंतर सोडा. काळ्या मातीत पायाजवळ सतत ओल राहिली की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे जातात. वाफ्याची लांबी 8 फूट ठेवा, दक्षिणोत्तर. दोन वाफ्यांमधली वाट 2 फूट. ढकलगाडी न्यायची असेल तर एखादी वाट अडीच-तीन फुटांची ठेवा.

कडेसाठी आमची पहिली पसंती शहाबादी फरशीला. 2 बाय 2 फुटांच्या 12 फरश्या एका 8 बाय 4 वाफ्याला लागतात. एक फूट खोल चर खणायचा, फरशी उभी करून निम्मी जमिनीत गाडायची आणि दोन्ही बाजूंनी चर मुरमाने भरून पहारीने ठासायचा. चरातून निघालेली काळी माती पुन्हा त्याच चरात टाकू नका. पहिल्याच पावसात ती फुगेल आणि फरश्या बाहेर कलतील. सिमेंट लागत नाही. फरश्यांच्या सांध्यांतून जास्तीचे पाणी निघून जाते, हा वेगळा फायदा.

विटाच वापरायच्या असतील तर 9 बाय 4 बाय 3 इंचांच्या साधारण 160 ते 170 विटा धरा. त्यात एक थर जमिनीखाली येतो. त्याआधी 9 इंच रुंद आणि एक फूट खोल चरात 9 इंच मुरूम पाणी मारून दाबायचा. बांधकाम 1:6 मालात, म्हणजे एका भाग सिमेंटला सहा भाग वाळू. तळच्या थरात दर दोन फुटांवर एक उभा सांधा माल न भरता मोकळा सोडा. मिस्त्री हे सांध्यांचे काम हमखास विसरतात आणि मग वाफ्याचा हौद होतो.

आत भरण्याआधी तळाची जमीन कुदळीने 6 ते 8 इंच मोकळी करा. तळाला प्लास्टिक, काँक्रीट, खडीचा थर यांपैकी काहीही नको. खडीने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, खडीच्या वरच अडून राहते आणि मुळांची खोली तेवढी कमी होते.

8 बाय 4 बाय 1 फुटाला 32 घनफूट मिश्रण लागते. दबण्यासाठी सहावा हिस्सा जादा धरून 37 घनफूट जमवा. त्यात 18 ते 19 घनफूट माती, 11 घनफूट पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, आणि 7 ते 8 घनफूट चाळलेला मुरूम. एक घनफूट म्हणजे 28 लिटर. आपले घमेले किती लिटरचे आहे ते बादलीने एकदा मोजून घ्या, पुढचा हिशेब सोपा जातो. माती विकत आणायची गरज नाही. वाटांचा वरचा 5-6 इंचांचा थर खरवडून वाफ्यात घ्या आणि वाटेत मुरूम पसरा. वाट खाली गेली की तीच निचऱ्याची सरी होते. तिचा उतार घरापासून दूर, शोषखड्ड्याकडे असू द्या. या मिश्रणात निंबोळी पेंड 600 ग्रॅम आणि सिंगल सुपर फॉस्फेट 150 ग्रॅम वरच्या 6 इंचांत मिसळा. काम मे महिन्यातच उरका. एक-दोन पाऊस पडून मिश्रण बसले की मग लावणी.

प्रश्न : धरणातला गाळ कसदार असतो म्हणून दोन वाफे पूर्ण गाळाने भरले. वर पापुद्रा धरतो, पाणी तासन्‌तास साचते, पालक उगवतच नाही. गाळ खराब निघाला का?
– एक वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : गाळ खराब नाही, प्रमाण चुकले आहे. गाळ म्हणजे पाण्याने वाहून आणलेले सर्वांत बारीक कण. हलक्या, मुरमाड शेतात तो पातळ पसरला तर ओलावा धरतो, म्हणून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तो शेतात नेतात. वाफ्यात मात्र त्याला खाली हलकी जमीन मिळत नाही. नुसता गाळ ओला झाला की हवेच्या पोकळ्या बंद होतात, वाळला की भेगा पडून बारीक मुळे तुटतात. पालकाचे बी पापुद्र्याखाली कुजते किंवा कोंब वर फुटू शकत नाही.

वाफा मोडू नका. अर्धा गाळ, म्हणजे 32 घनफुटांच्या वाफ्यातून 16 घनफूट, काढून आंबा-लिंबाच्या आळ्यांत पातळ पसरा. उरलेल्या गाळात 8 घनफूट कुजलेले शेणखत, 5 ते 6 घनफूट चाळलेला मुरूम आणि 2 ते 3 घनफूट शेंगांची टरफले किंवा भाताचे तूस मिसळा. टरफले तेलघाण्यावर मिळतात. मुरमाची बारीक भुकटी चाळून काढून टाका, ज्वारीच्या दाण्याएवढे आणि त्याहून मोठे खडे ठेवा.

चार घमेली वाळू टाकून भागेल असे अनेकांना वाटते. भागत नाही. थोडी वाळू गाळात मिसळली की चिकण कण तिच्याभोवती भरतात आणि वाळल्यावर माती विटेसारखी होते. चिकण मातीला मोकळे करण्याचे काम सेंद्रिय खतच करते. मुरूम त्याला मदत करतो.

मिसळण्याची वेळ महत्त्वाची आहे. ओल्या गाळात फावडे घातले तर ढेकळे होतील आणि ती वर्षभर फुटणार नाहीत. वाफसा आल्यावरच हात घाला : मूठभर माती दाबून गोळा करा, अंगठ्याने टोचा. गोळा भुरभुरला तर काम करा, चिकटून चपटा झाला तर दोन दिवस थांबा. पुढे पालक, मेथी पेरल्यावर बियांवर मातीऐवजी चाळलेल्या शेणखताचा अर्ध्या बोटाएवढा थर द्या, पापुद्रा धरणार नाही. झारीने पाणी द्या, नळीची धार सोडू नका.

प्रश्न : जुने सिमेंटचे पत्रे पडून आहेत. कापून वाफ्याच्या कडा केल्या तर चालतील का? टायर, पत्र्याचे डबे?
– एक वाचक, परतूर, जि. जालना

उत्तर : जुने सिमेंटचे पत्रे कापू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि कापताना, घासताना, फोडताना उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन कायमचे नुकसान करतात. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरला क्रिओसोट चोपडलेले असते, तेही खाण्याच्या भाजीजवळ नको. टायर उन्हात झिजतात आणि तापतात. फुलझाडांना ठीक, भाजीला टाळा. जस्ती पत्रा चालतो, पण पश्चिमेच्या बाजूला आतून गोणपाटाचा दुहेरी थर लावा. मे महिन्यात पत्र्यालगतची तीन-चार इंच माती इतकी तापते की मुळे करपतात.

प्रश्न : आमचे दुमजली आरसीसी घर आहे. गच्चीवर एक फूट मातीचे तीन वाफे करायचे आहेत. खाली गळती होईल एवढीच काळजी वाटते. गावाकडच्या माळवदावरही एखादा वाफा होईल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गळतीआधी वजनाची काळजी करा. ओली माती घनफुटाला 45 ते 50 किलो भरते. 8 बाय 4 फुटांच्या एक फूट खोल वाफ्याचे वजन पाणी दिल्यावर दीड टन होते, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो. माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक 875, भाग 2 मध्ये धरलेला भार चौरस मीटरला साधारण 150 किलो आहे. तुमचा बेत त्याच्या तिपटीहून जास्त होतो. छत लगेच कोसळणार नाही, पण स्लॅब वाकणे, तडे जाणे, त्यातून पाणी शिरून सळई गंजणे ही साखळी सुरू होते. गळती बहुधा तिथूनच लागते.

गच्चीवर माती वापरूच नका. हलके मिश्रण करा : 4 भाग धुतलेले कोकोपीट, 4 भाग गांडूळखत, 2 भाग परलाइट किंवा भाताचे तूस. 5 किलोची कोकोपीटची वीट फुगून साधारण 70 लिटर होते. भिजवल्यावर तिचे पाणी दोनदा पूर्ण निथळून टाका, त्यात मीठ असते. हे मिश्रण ओले असताना घनफुटाला 25 ते 30 किलो भरते. 6 इंचांचा थर दिला तर चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास भार येतो, आणि त्यात पालेभाज्या, कांदापात, मुळा चांगले येतात. टोमॅटो-वांग्यासाठी सुट्या 12 ते 15 इंची पिशव्या घ्या आणि त्या तुळयांवर किंवा खालून भिंत आलेली आहे अशा रेषेवर ठेवा. स्लॅबच्या मध्यावर आणि पुढे काढलेल्या बाल्कनीवर काहीही जड नको. वाफे करायचेच असतील तर घराचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून जागा ठरवून घ्या. त्याच्या फीपेक्षा स्लॅबची दुरुस्ती कितीतरी महाग पडते.

वाफा थेट फरशीवर टेकवू नका. विटांवर 3-4 इंच उचला, खालून झाडता आले पाहिजे आणि पाणी नाळीपर्यंत वाहिले पाहिजे. पाणी मारल्यावर खालून निघणारा गढूळ ओघळ आठवड्यातून एकदा धुवा. तो नाळीत जाऊन साचला की पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचा तलाव होतो.

माळवदावर अजिबात नाही. माळवद लाकडी सऱ्यांवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, आणि मातीच्या थरावर उभे असते. त्याला कायम कोरडेच राहायला हवे. वाफ्याची ओल सऱ्यांत गेली की वाळवी आणि कूज लागते. अंगणात जागा शोधा.

प्रश्न : बोअरचे पाणी जड आहे. वाफ्यावर पांढरी पुटे धरतात. भेंडी आणि गुलाबाची शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या. शेणखत भरपूर दिले तरी फरक नाही. घरात आरओचे वाया जाणारे पाणी आहे, ते दिले तर?
– एक वाचक, जालना

उत्तर : शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडते आहे. मातीत लोह असते, पण चुनखडी आणि जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे ते मुळांना घेता येत नाही. मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. फसफसले तर चुनखडी आहे. मातीत लिंबू पिळून किंवा व्हिनेगर ओतून सामू (पीएच) उतरवण्याचा उपाय बरेच जण करतात. चुनखडी ते आम्ल लगेच खाऊन टाकते, चार दिवसांत परिस्थिती जशीच्या तशी होते.

तात्पुरता इलाज पानांतून. एक लिटर पावसाच्या किंवा गाळलेल्या पाण्यात 1 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) आधी विरघळवा, मग 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट). द्रावण तांबूस झाले तर लोह निकामी झाले, टाकून द्या. ताजे द्रावण संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, 8 ते 10 दिवसांनी पुन्हा, एकूण दोन-तीन वेळा. जुनी पाने परत हिरवी होत नाहीत. नवीन फुटणारी पाने पाहून गुण ठरवा. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रसायनात बांधलेले लोह, मातीत द्यायचे असेल तर ‘ईडीडीएचए’ प्रकारचे घ्या. ‘ईडीटीए’ आपल्या विम्ल मातीत टिकत नाही, ते फक्त फवारणीला.

कायमचा इलाज पाण्यात आहे. पांढरी पुटे म्हणजे वर आलेले क्षार. रोज थोडे-थोडे पाणी दिले की ओल वरच फिरते, बाष्प उडते आणि मीठ मागे राहते. त्याऐवजी पाळीला सगळे मिळून भरपूर पाणी द्या आणि गरजेपेक्षा पाचवा हिस्सा जास्त सोडा, म्हणजे क्षार खाली धुऊन जातील. तळ उघडा ठेवायला सांगतो त्याचे हेही एक कारण आहे. पुटे झाडून गोळा करा, मातीत मिसळू नका. पावसाळ्यात वाफा प्लास्टिकने झाकू नका. वर्षभराचे मीठ धुण्याचे काम पाऊस फुकटात करतो.

आरओचे वाया जाणारे पाणी मूळ बोअरपेक्षाही जास्त खारट असते. फरशी पुसायला वापरा, वाफ्यात नको. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे आणि मिठाचे नाही. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) 1300 च्या पुढे असेल तर घेवडा, गाजर, कांदा यांचा आग्रह सोडा. पालक आणि बीट बऱ्यापैकी तग धरतात. छताचे पाणी साठवता आले तर उत्तमच. 500 चौरस फूट छतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारे वजा करून 900 लिटरच्या आसपास पाणी हाती येते. पहिल्या पावसाचे धूळ-कचऱ्याचे पाणी सोडून द्यायचे.

प्रश्न : वाफ्याच्या तळाला कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या भरल्या, वर माती. सहा महिन्यांत वाफा चार इंच खाली बसला, मिरचीची खालची पाने पिवळी पडली आणि आता वाळवी दिसते.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : लाकूड पुरून वाफा भरण्याची पद्धत भरपूर पाऊस असलेल्या भागात चांगली चालते, कारण तिथे लाकूड कायम ओले राहून कुजते. आपल्याकडे ते बहुतेक वर्ष कोरडे असते आणि कोरडे लाकूड कुजण्याऐवजी वाळवीच्या पोटात जाते. पऱ्हाट्या कुजवणारे जिवाणू आसपासचा नत्र ओढून घेतात. म्हणूनच मिरचीची जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली. लोहाच्या कमतरतेत पिवळेपणा शेंड्याकडून सुरू होतो, हा फरक लक्षात ठेवा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

हाताला लागतील तेवढ्या काड्या उपसून काढा. सगळा वाफा पालथा घालू नका, मिरचीच्या रांगांमधून काढा. शेंगदाण्याची पेंड 250 ग्रॅम 5 लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, गाळून त्यात 20 लिटर पाणी घाला आणि आठवड्यातून एकदा मुळाशी द्या. जीवामृत करत असाल तर घरासाठी दहावा हिस्सा पुरतो : शेण 1 किलो, गोमूत्र 1 लिटर, गूळ 200 ग्रॅम, बेसन 200 ग्रॅम, बांधावरची मूठभर माती, पाणी 20 लिटर, सावलीत झाकून, सकाळ-संध्याकाळ ढवळून, चौथ्या-पाचव्या दिवसापासून वापरायला घ्या. वाळवीसाठी निंबोळी पेंड चौरस मीटरला 200 ग्रॅम मिसळा आणि वाफा सलग कोरडा पडू देऊ नका. वाळवी हिरव्या झाडाकडे बहुधा माती सुकल्यावरच वळते.

खाली बसणे हे दुखणे नव्हे. तिसरा हिस्सा खत असलेला वाफा पहिल्या वर्षी दोन-तीन इंच बसतोच, तुमच्याकडे काड्यांमुळे जास्त बसला. दर हंगामाआधी एक इंच कंपोस्टचा थर द्यायचा. 32 चौरस फुटांच्या वाफ्याला त्यासाठी पावणेतीन घनफूट, म्हणजे 75 लिटर लागते. शेणखत सहा महिने कुजलेलेच घ्या. ताज्या शेणात हुमणीची अंडी-अळ्या येतात. पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी दिसली की वेचून काढा. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला तिचे भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढच्या वर्षीचा बंदोबस्त तिथेच होतो.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये सकाळी पाणी दिले तरी दुपारी झाडे माना टाकतात. टँकरचे पाणी घ्यावे लागते. ठिबक बसवले तर किती वेळ चालवायचे?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : पाण्याचे आकडे आधी पाहा. मेमधल्या उघड्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला 6 ते 8 लिटर लागते, म्हणजे 8 बाय 4 च्या वाफ्याला 18 ते 24 लिटर. दोन-अडीच इंच आच्छादन आणि 50 टक्क्यांची शेडनेट असेल तर 12 ते 15 लिटरवर येते. हिवाळ्यात 9 ते 12 पुरते. आच्छादनाला सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट, हाताएवढे तुकडे करून. खोडापासून दोन बोटे लांब ठेवा, नाहीतर खोड कुजते. शेडनेट साडेसहा-सात फूट उंचीवर बांधा. झाडांवर टेकवली तर आत वाफ कोंडते. पश्चिमेची बाजूही अर्धी झाका, खरा तडाखा दुपारी तीननंतरच्या तिरप्या उन्हाचा असतो.

दुपारी माना टाकलेली झाडे संध्याकाळी सावरत असतील तर पाणी वाढवू नका. तो उष्णतेचा परिणाम आहे. सकाळीही माना खालीच असतील तर दोन बोटे माती उकरून पाहा. आत कोरडी असेल तर पाणी कमी पडते. ओली आणि आंबूस वासाची असेल तर मूळकूज आहे, आणि अशा वेळी आणखी पाणी ओतणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

ठिबकसाठी 16 मिलिमीटरच्या, दर 30 सेंटिमीटरवर 2 लिटरचा ड्रिपर असलेल्या तीन नळ्या फूट-फूट अंतरावर टाका. एकूण 24 ड्रिपर, पूर्ण दाबाला तासाला 48 लिटर. पण घरच्या टाकीचा दाब तेवढा नसतो. 12-13 फूट उंचीवरच्या टाकीतून ड्रिपरमागे सव्वा लिटरच्या आसपास पडते, म्हणजे वाफ्याला तासाला 30 लिटर. 20 लिटर द्यायला 40 मिनिटे. ड्रिपरखाली वाटी ठेवून स्वतः मोजा. कमी दाबाला प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी सारखेच पाणी सोडणारे) ड्रिपर नीट चालत नाहीत, साधेच घ्या. टाकीनंतर जाळीचा फिल्टर लावा, नळ्यांची शेवटची टोके पंधरा दिवसांनी उघडून धुऊन काढा. जड पाण्याने चोंदलेल्या नळ्या काढून लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या तर मोकळ्या होतात.

टँकरवरच भागवायचे असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : मे महिन्यात एकच वाफा जगवा, बाकीच्यांना सुट्टी द्या. टोमॅटोची फुले पारा 35 अंशांच्या वर गेला की गळू लागतात, त्याला पाजलेले पाणी वायाच जाते. दुधी, दोडका यांचे चार वेल वाफ्याऐवजी जमिनीत खोलगट आळ्यांत लावा, मधे चार-पाच लिटरचे बिनरंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरा. उन्हाळ्यात आळे वाफ्यापेक्षा बरे, कारण ते वाऱ्याच्या आणि उन्हाच्या तोंडावर येत नाही.

प्रश्न : टोमॅटो तिसऱ्या वर्षी अगदी खुजे राहिले. उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या. माती बदलावी लागेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, आहेत. एकाच वाफ्यात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी फिरवत राहिलात तर प्रत्येक पीक त्यांना खाऊच घालते. माती बदलायची गरज नाही, कडक ऊन कामाला लावा. एप्रिलच्या सुरुवातीला जुनी झाडे मुळांसकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. वाफा सपाट करून भरपूर भिजवा. कोरड्या मातीत उष्णता खोल उतरत नाही. दुसऱ्या दिवशी 25 ते 50 मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून पसरा, कडा मातीने हवाबंद करा. काळे प्लास्टिक इथे चालत नाही, ते ऊन वरच अडवते. चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. वरच्या दोन इंचांत तापमान 50 अंशांच्या वर जाते. कडेलगतची माती कमी तापते, म्हणून काठावरचा सहा इंचांचा पट्टा प्लास्टिक काढल्यावर निंबोळी पेंड दुप्पट करून भरा. नंतर एक वर्ष झेंडू, कांदा, लसूण. विकतचे रोप लावण्याआधी मुळे धुऊन पाहा. सूत्रकृमी बहुतेक वेळा रोपांतूनच येतात.

प्रश्न : दोन वाफे तयार आहेत. वर्षभर काय, कधी लावावे?
– एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : जून-जुलैत भेंडी, गवार, मिरची, वांगी, आणि उत्तरेच्या कडेला मांडवावर दोडका-कारले. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येते, त्यामुळे तिथला मांडव पुढच्या पिकावर सावली पाडत नाही. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही जुनी, ओळखीची जात. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसले की लगेच उपटा, पांढरी माशी तो रोग पसरवते. तिच्यावर 5 टक्के निंबोळी अर्क : 250 ग्रॅम निंबोळी पावडर 5 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोमॅटो, कोबी, गाजर, मुळा, मेथी, कोथिंबीर, लसूण. टोमॅटो आणि वांग्याची रोपे 25 ते 30 दिवसांची लावा, टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल. वांग्याला 2 फूट अंतर धरले तर एका वाफ्यात आठच झाडे बसतात आणि आठ झाडे चौकोनी कुटुंबाला पुरून उरतात. जानेवारी अखेर ते फेब्रुवारी काकडी, दुधी, चवळी, आणि पालेभाजीत राजगिरा, चुका, अंबाडी. मेथी फेब्रुवारीनंतर लगेच फुलावर येते, तिचा नाद सोडा. पालेभाज्या एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी दोन फुटांचा पट्टा पेरा.